खालचा दोरा

शिवणबाईंनी अठराव्या मशीनची पट्टी सरकवली, खालच्या दोऱ्याची बॉबिन काढली आणि हातातल्या डब्यात टाकली.

"सगळ्याच काढायच्या?" सुनेने दारातून विचारलं.

"सगळ्याच. कापड दुकानातून मागून आणलंय. संध्याकाळी होतं तसं परत द्यायचंय. खाली दोरा नसला की टीप नुसती वर पडते, ओढली की निघून येते."

"म्हणजे चाळीसजणी बसून काहीच शिवणार नाहीत."

"शिवताना दिसतील ना."

बोलून गेल्या आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षं याच खोलीत त्यांनी शिवण शिकवलं होतं. नवी मुलगी आली की हटकून एकदा तरी खालचा दोरा संपल्याचं न कळता अख्खी बाही शिवायची आणि बाही हातात आली की रडकुंडीला यायची. बाई तिला पोटभर हसायच्या, मग शेजारी बसून पुन्हा शिवून घ्यायच्या. ती चूक आज त्या स्वतःच्या हाताने चाळीस वेळा करत होत्या.

केंद्राच्या मशिनी सहाच. बाकीच्या पहाटे टेम्पोतून आल्या होत्या. शिकायला येणाऱ्याही सहाच. पण नेते येणार, चाळीस बायका कामाला लागलेल्या पाहणार, असं ठरलं होतं. ठरवणारा अधिकारी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहायचा, म्हणून बायकांनी त्याला घाईसाहेब नाव ठेवलं होतं. हा कार्यक्रम नीट पार पडला तर केंद्र राहील, नाहीतर कुलूप, एवढंच तो बाईंना म्हणाला होता.

शिवणं येणाऱ्या बायका गावात होत्या की. सून ज्या कपड्यांच्या कारखान्यात होती, त्याने दीड वर्षापूर्वी एका सकाळी फाटक बंद करून सगळ्यांना घरी धाडलं होतं. त्यांतल्या, सून धरून, चौतीसजणी अजून कोर्टात भांडत होत्या, आम्हाला कामावर परत घ्या म्हणून. सोमवारी निकाल होता. वकिलाने एकच गोष्ट बजावली होती: दुसरीकडे कायमची नोकरी धरलीत, की दावा संपला. आज त्या आल्या होत्या त्या एकाच आशेवर. घाईसाहेब म्हणाला होता, तुमचं गाऱ्हाणं नेतेसाहेबांच्या कानावर घालू.

साहेब आले तेव्हा खोलीत आधी कॅमेरे शिरले. चाळीस मशिनी एकदम सुरू झाल्या. आवाज मात्र झकास येत होता, त्याला खालचा दोरा लागत नाही.

"या गावात काम नाही, असं जो म्हणतो," साहेब कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले, "त्याला काम करायचं नसतं. संधी दारात उभ्या आहेत, माणसंच कमी पडताहेत. हे पाहा. सहा महिन्यांपूर्वी या भगिनींच्या हाताला काम नव्हतं."

टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. घाईसाहेब त्यांच्याकडेच पाहत होता.

मग साहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते थेट सुनेच्या मशीनपाशी गेले.

"माझी आई शिवायची. मी मशीनच्या पायाशीच वाढलो. सरका जरा."

सून उठली. साहेब बसले, कापडाचे दोन तुकडे सुईखाली धरले आणि सराईतासारखी वीतभर टीप मारली. साहेबांनी कापड उचललं आणि दोन तुकडे दोन हातांत आले.

सगळ्या मशिनी एकेक करत थांबल्या.

"खाली दोरा नाही साहेब," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खोलीभर ऐकू गेला. "कुठल्याच मशिनीत नाही. आम्ही आज सकाळीच येऊन बसलोय. आमचा कारखाना दीड वर्ष बंद आहे. काम आम्हाला करायचंय. कुठंय ते सांगा."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभर हललं नाही. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवले, चिमटीत घट्ट धरले आणि कॅमेऱ्यासमोर उंच केले. फोटो निघाले. मग ते खाली वाकले आणि अगदी घरच्या माणसासारखं हळू बोलले.

"दोरा नाही हे कळतं मला. वरून दिसतंय ना? पुरे झालं. नाव काय तुमचं?"

तिने सांगितलं. पूर्ण नाव सांगितलं. मागच्या माणसाने ते वहीत टिपून घेतलं.

"लक्षात ठेवतो," साहेब म्हणाले आणि निघाले.

गाड्यांची धूळ बसायच्या आत घाईसाहेब कागदांची चळत घेऊन टेबलाशी उभा राहिला. "हजेरी, हजेरी. पटापट सह्या करा आणि चहा घ्या." कागदाच्या वरच्या अर्ध्या भागावर त्याने फाईल आडवी धरली होती. बायका रांगेने वाकून सह्या करू लागल्या. सून मागच्या नळावर तोंड धूत होती.

"बाई," घाईसाहेब बाईंच्या कानाशी आला. "ज्यांची सही नाही त्यांची नावं वेगळी मागितलीत. वरून. तुमच्या सुनेचं तर आताच विचारून गेले."

"कशाला?"

"ते मला सांगतात का? घरी पोलीसबिलीस यायला नकोत, एवढं बघा."

बाईंनी नळाकडे पाहिलं. सुनेला हाक मारली तर ती येईल, आणि आली तर नाही म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पोर हट्टी होती, आणि बाईंना ती तशीच आवडायची. त्यांनी पेन घेतलं. एरवीही टपालवाला आला की तिची सही त्याच करायच्या. हात सवयीने चालला.

सून तोंड पुसत आली तेव्हा टेम्पो दाराशी लागला होता आणि दोन हमाल मशिनी उचलत होते. दुपारी पुढच्या गावात कार्यक्रम होता. ती टेबलाशी आली. घाईसाहेब घड्याळ पाहायला वळला, तेवढ्यात तिने फाईल बाजूला सारून कागद हातात घेतला.

ती वाचत राहिली. बाई तिच्या खांद्यावरून डोकावल्या. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: खालील महिला सदर केंद्रात कायमस्वरूपी नोकरीवर रुजू झाल्या आहेत. तारीख सहा महिन्यांपूर्वीची होती.

मागे बायका चहा पीत होत्या. कुणीतरी साहेबांच्या चालण्याची नक्कल केली आणि बाकीच्या हसल्या.

सुनेचं बोट नावांवरून खाली गेलं आणि एका ओळीवर थांबलं.

"मी वाचलं नाही गं," बाई म्हणाल्या. "तुझं नाव वेगळं काढणार होते. मी घाबरले."

घाईसाहेबाने तिच्या हातातून कागद अलगद काढून घेतला, सुनेने तो जाऊ दिला. मग ती बाईंकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात राग मात्र नव्हता, आणि बाईंना त्याचीच भीती वाटली.

"सही हुबेहूब आलीय, आई," ती म्हणाली. "सोमवारी कोर्टात मी ती माझी नाही म्हटलं, तर तुम्हाला धरतील."