माझी कापलेली वायर

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. एका जुन्या डिझेल गाडीच्या फिल्टरखाली, अंगठ्याएवढ्या जागेत मला घट्ट पिळून बसवलं आहे. इथं कधी उजेड येत नाही. वर डिझेल, खाली प्लॅस्टिकची वाटी, मधे मी. पाणी डिझेलहून जड, म्हणून टाकीत शिरलेलं पाणी या वाटीच्या तळाशी साठतं. ते माझ्या धातूच्या दोन काड्यांना टेकलं की चालकासमोरचा पिवळा दिवा लागतो. एवढंच मला बोलता येतं. बाकी सारं मी नुसतं ऐकतो.

आमची गाडी चारही चाकांना जोर देणारी, शिवडीच्या कोळीवाड्यातल्या धोंडूची. धोंडू होडी घेऊन खाडीत जायचा. त्याची बायको शांती लालबागच्या बाजारात मासळी विकायची, आणि मुलगा कल्पेश तिच्या टोपल्या गाडीतून पोचवायचा.

एकदा परळच्या पुलाखाली मी दिवा लावला. कल्पेशनं लगेच गाडी कडेला घेतली, फिल्टरचा खालचा नळ सैल केला आणि काचेच्या बाटलीत धार धरली. तळाला पाणी, वर डिझेल, स्पष्ट दोन थर.

"वेळेवर सांगितलंन बघ यानं," तो आईला म्हणाला. "नाहीतर पंप बसला असता."

माझं कुणी नाव काढल्याचं तेवढंच आठवतं.

पुढं खाडीची खारी हवा, वायर जिथं जोडलेली त्या माझ्या प्लगमध्ये शिरली. पितळेवर हिरवट गंज चढला, आणि वाटीत थेंबभर पाणी नसताना दिवा लागू लागला. मित्रांनो, खोटं बोलणारा मी नव्हतो, पण ते सांगणार कसं? कल्पेश बाटली धरायचा आणि निव्वळ डिझेल पडायचं. पुन्हा दिवा, पुन्हा डिझेल. शेवटी तो कंटाळून कॉटन ग्रीनच्या गोदामांमागं अजितच्या गॅरेजवर गेला.

"आधी प्लग काढून बघू," अजित म्हणाला. "काढल्यावर दिवा विझला तर दोष प्लगात नाहीतर सेन्सरात. तरी जळत राहिला तर वायर कुठंतरी घासलीय. संध्याकाळपर्यंत ठेव गाडी."

"आज नको रे. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागतेय, होडी वर घ्यायचीय. तू ती वायरच काप. नंतर निवांत बघू."

"दिवा कायमचा जाईल."

"जाऊ दे. डोकं खातोय नुसता."

कट असा बारीक आवाज झाला. त्यानंतर मी ओरडलो काय नि गप्प राहिलो काय, सारखंच.

होडी आता उभीच राहणार, म्हणून धोंडूनं तिच्या टाकीत उरलेलं डिझेल कॅनमध्ये काढलं आणि गाडीत ओतलं. त्यात खाडीचं पाणी होतं. गाडी धक्क्याच्या उतारावर आली तोवर पाणी माझ्या काड्यांपर्यंत चढलं होतं. माझ्याकडं होतं नव्हतं ते सगळं मी सांगत राहिलो, आणि ते सगळं कापलेल्या टोकाशी येऊन थांबत राहिलं.

कल्पेश गाडी चालवत होता, मागं दोरखंडानं होडी बांधली होती आणि शांती दोराशी उभी होती. ती धोंडूच्या वडिलांनी बांधून घेतलेली. धोंडू होडीच्या मागं उभा राहून तिला खांदा देत होता, खालून भरतीचं पाणी चढत होतं. इंजिन जोरात ओढू लागलं आणि पाणी मला ओलांडून वर गेलं. दोन आचके बसले. इंजिन बंद पडलं.

मग गाडी मागं घसरू लागली.

"ब्रेक दाब," शांती म्हणाली.

"दाबलाय. इंजिन बंद, पेडल दगड झालंय, चाकं शेवाळावर सरकतायत. बाबा, तू निघ तिथून."

"होडी धक्क्यावर आपटंल," धोंडू म्हणाला.

"आपटू दे. निघ."

तो निघेना. शांतीनं कोयता उचलल्याचं मला तिच्या बोलण्यावरून कळलं. "अवो, तुम्ही बाजूला झाल्याबिगर मला दोर कापता येत नाय," ती अगदी शांतपणे म्हणाली. "पोरगा गाडीत हाय."

मग पाण्यात कुणीतरी बाजूला पडल्याचा आवाज, मग कोयत्याचा घाव. गाडी थांबली. खाली दगडावर लाकूड फुटलं.

बऱ्याच वेळानं शांतीनं विचारलं, "तो पिवळा दिवा लागला नाय?"

"वायर कापलीय, आये," कल्पेश म्हणाला.

धोंडू रागावला नाही, खाली उतरून फुटक्या फळ्या गोळा करू लागला. ते ऐकणं मला फार जड गेलं.

अजितनं दुसऱ्या दिवशी फिल्टरमधलं पाणी काढलं, टाकी धुतली, माझा प्लग घासून पुसून कोरडा केला आणि वायर जोडली. अर्ध्या तासाचं काम. पण होडीचा कणा मोडला होता, तो जुळला नाही. बंदी उठल्यावर धोंडू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला.

मी अजून याच वाटीत आहे. इथून सुटका नाही, आणि ती मी मागतही नाही. मित्रांनो, माझा दिवा त्रास देऊ लागला तर जरूर संशय घ्या. बाटली धरा, प्लग उघडा, वायर तपासा. माझं चुकलं असेल तर मला बदला. पण आत बसलेल्याचं तोंड बंद करून गाडी उतारावर नेऊ नका. पाणी चढत असतं, आणि ते फक्त आतल्यालाच कळत असतं.