तिरक्याचा मनोरा

गोटी बालवर्गात बोलत नव्हती. घरी थोडेफार, तेही आईच्या कानात. शाळेत मात्र मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. सोमवारी बाई तिच्यासोबत बसणार होत्या, आणि तिला मैत्रिणींबरोबर पुढच्या वर्गात घ्यायचे की मागे ठेवायचे, ते त्यानंतर ठरणार होते. हे कळल्यापासून तिच्या आजोबांना एका जागी बसवत नव्हते.

आजोबांनी आयुष्यभर ओतकामाच्या कारखान्यासाठी लाकडी साचे घडवले होते. साच्याचे दोन भाग जुळले की मधून केसही जाऊ नये, असा त्यांचा हात. "ठोकळे द्या तिला, खेळता खेळता मुलं बोलती होतात," असे बाईंनी सांगताच त्यांनी मागच्या खोलीत रंधा काढला. ठोकळे तासले, कडा गोल केल्या, प्रत्येकाला खाली भोक आणि वर खुंटी दिली. मनोरा उलटा धरला तरी सुटत नसे.

"बघ, पडतच नाही!"

गोटीने मनोरा एकदा हलवून पाहिला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"बाबा, हा मनोरा आहे की विजेचा खांब?" गोटीची आई, म्हणजे त्यांची लेक, म्हणाली. "आणि सारखं 'हे काय, ते काय' विचारू नका हो तिला. तोंडी परीक्षा वाटते ती."

"मग काय हातावर हात ठेवून बसू?"

"जमणार नाही तुम्हाला, पण बसून बघा."

रविवारी ते पुन्हा मागच्या खोलीत कामाच्या बाकापाशी उभे होते. खुंटी जाड झाली असावी, या संशयाने त्यांना पछाडले होते. ते एकेक खुंटी घासत होते. गोटी बाकाखाली बसून कापकामातून उरलेले तुकडे रचत होती. एक तुकडा गाठीचा, एक चिरलेला, एक साफ तिरका. अचानक सगळे धडाधड कोसळले. आता रडणार, म्हणून आजोबा खाली वाकले.

"पडलं!" गोटी खिदळत होती. "आजोबा, तिरक्याने पाडलं!"

"आण इकडे, सरळ करून देतो."

"नको!" तिने तुकडा पोटाशी धरला. "मग तो पडणार कसा? तो पडतो, मग मी त्याला शिकवते."

आजोबांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. त्यांच्या ठोकळ्यांत तिने करण्यासारखे त्यांनी काही शिल्लकच ठेवले नव्हते.

सोमवारी ते पिशवी घेऊन निघाले.

"शाळेत भंगार नेताय?" लेकीने विचारले.

"चल गं तू."

वर्गात बाई जमिनीवर बसल्या. गोटीने तुकडे रचायला घेतले, पण ओठ घट्ट मिटलेले. दाराजवळच्या बुटक्या खुर्चीत आजोबांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी तिने तिरका तुकडा अगदी काठावर टेकवला. तो सरळ करायला बाईंनी हात पुढे केला.

"हात नको लावू!" गोटी म्हणाली.

बाईंचा हात हवेतच राहिला. "का गं?"

"तिरक्या शिकतोय. काल त्याने सगळं पाडलं. आज त्याला थोडंसं येतं. तू चिरक्याला धर, मी ह्याला सांगते."

बाईंनी निमूटपणे चिरलेला तुकडा धरला. मनोरा कलू लागला. आजोबांचे हात शिवशिवले. त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले आणि तसेच बसून राहिले.