बापूंची तिथी

फाटकाची कडी खट्कन वाजली तशी निहारिका उठलीच. तासभर घरात चिडीचूप होतं. चार वर्षांची भार्गवी आत झोपली होती आणि ती जागी होऊ नये म्हणून निहारिकाने पंख्याचासुद्धा वेग वाढवला नव्हता. साडेतीन वाजले होते. स्पर्धेचा फोटो पाच वाजेपर्यंत पोचायला हवा होता.

सासरे, बापू, पायरीवर चपला काढत होते.

"बापू, फोन का नाही उचललात? सहा वेळा केला."

"अगं, मंदिरात गेलो तेव्हा आवाज बंद केला, तो तसाच राहिला. मग टावर चौकात श्रीधर भेटला, सोडेच ना. का गं, काय झालं?"

झालं होतं असं. कार्तिकी पौर्णिमेला सगळे राम घाटावर गेले होते. निहारिकाचा फोन बंद पडला म्हणून तिने बापूंच्या फोनवर एक फोटो काढला. भार्गवी पाण्यात दिवा सोडायला वाकलीये आणि मागून अक्कांनी, तिच्या आजीने, तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलंय. पोरीला वाकूही दिलंय आणि सोडलंही नाहीये. हाच फोटो तिला भोपाळच्या 'नदीकाठ' स्पर्धेला पाठवायचा होता. भार्गवी झाल्यापासून तिने ढीगभर फॉर्म भरले होते, आधारचे, शाळेचे, लसीचे. स्वतःच्या नावाचा हा पहिला.

आज दुपारी पोर झोपल्यावर तिने नियम नीट वाचले. लांब बाजू किमान तीन हजार पिक्सेल. फाइल तीन एमबीच्या आत. फोटोवर नाव, तारीख, चौकट, कसलीही अक्षरं नकोत. तिच्याकडे होती ती घरच्या ग्रुपवर आलेली प्रत. ती सोळाशे पिक्सेलची, आणि तिच्यावर बापूंनी पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलेलं, 'कार्तिक शुद्ध पौर्णिमा'. नेमकं अक्कांच्या मुठीवर.

बापू प्रत्येक फोटोवर तिथी लिहीत. रिटायर झाल्यापासूनचा नेम. तारीख काय, कॅलेंडरही सांगतं, म्हणत.

"तिथी लिहून झाली की तुम्ही वेगळी प्रत ठेवता ना?"

"नाही, त्यावरच सेव्ह. तूच तर बोलली होतीस, फोनची जागा भरते, एकाचे दोन फोटो ठेवू नका."

निहारिका मटकन खुर्चीत बसली. बोलली होती खरी.

"सगळ्या फोटोंवर पंचांग," अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता माझ्या कपाळावर तेवढं लिहायचं राहिलंय."

बापूंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे राहणार का तुझं?"

"बघू तर द्या."

तिने त्यांच्या फोनवर तो फोटो उघडला. कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. यादी उघडली आणि तिच्यात खाली, कधी कोणी न वाचलेली ओळ होती, 'मूळ फोटो परत आणा'. तिने ती दाबली. एक चकती फिरली. फिरतच राहिली. मग पिवळी अक्षरं गेली आणि अक्कांची मूठ दिसली, शिरा, बांगडी, चुरगळलेला फ्रॉक, सगळं लख्ख.

"आली," निहारिका म्हणाली आणि तिला एकदम हसूच आलं.

"काय आलं?" अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तुमची मूठ."

आता हा फोटो ग्रुपवरून घ्यायचा नाही, पुन्हा आक्रसेल. तिने वायर लावून लॅपटॉपवर घेतला. चार हजार पिक्सेल, पावणेपाच एमबी. लांब बाजू तीन हजारांवर आणली, तरी साडेतीन एमबी. दर्जाची पट्टी थोडी मागे सरकवली आणि मूठ मोठी करून पाहिली. शिरा होत्या तशा होत्या. दोन पूर्णांक सहा. फाइलला स्वतःचं नाव दिलं. चार वाजून अठरा मिनिटांनी पडद्यावर आलं, 'आपली प्रवेशिका मिळाली.'

तिने खुर्चीला पाठ टेकवली. कधीपासून खांदे वर ओढून बसली होती, ते आत्ता कळलं.

"नंबर आला?" बापूंनी विचारलं.

"अहो, आत्ता तर गेलाय," अक्का म्हणाल्या. "चहा टाकते."

बापू घुटमळले. "मग मी... आता परत लिहू का त्यावर?"

"लिहा ना. फक्त वेगळी प्रत करून. जागेचं मी बघते."

तेवढ्यात भार्गवी डोळे चोळत आली आणि आईच्या मांडीवर चढली. लॅपटॉपवर फोटो उघडाच होता. तिने बोटाने काच चाचपली.

"इथे आजोबांनी लिहिलेलं."

"पुसलं गं. त्याच्याखाली आजीची मूठ होती. तुला धरलेली, बघ."

भार्गवीने मूठ पाहिली. मग लॅपटॉपच्या मागे डोकावून पाहिलं, खाली फरशीवरही पाहिलं.

"पण आई, आजोबांची अक्षरं मग कुठे गेली?"