डेन्झिलचा रेटा

शुक्रवारी सकाळी आमचा प्रशिक्षक एम्लिन पोर्थवेराच्या धक्क्यावर आला, तेव्हा डेन्झिल नॅनकॅरो बोटीतून खेकड्यांचे पिंजरे उतरवत होता. मीही तिथेच होतो. रग्बी क्लबच्या खेळाडूंची दुखणी सांभाळणं हे माझं काम आणि डेन्झिलकडून खेकडे घरी नेणं ही माझी शुक्रवारची सवय.

एम्लिनची अडचण मोठी होती. दुसऱ्या दिवशी हॅलोफर्डच्या मैदानावर चषकाचा सामना, आणि पुढच्या रांगेत रेटणारे आमचे दोन गडी अंथरुणात. एकाची पोटरी फाटलेली, दुसऱ्याला गालगुंड. डेन्झिल एकोणचाळीसचा. खेळणं सोडून दोन वर्षं झाली होती. आठवड्यातून दोनदा पोरांना स्क्रमची रेटारेटी शिकवायला यायचा एवढंच. पण खेळाडू म्हणून त्याचं नाव अजून नोंदलेलं होतं. नुसतं बाकावर बसायचंय, असं एम्लिन म्हणाला.

त्याच्या बायकोला, टॅम्सिनला, ते पटलं नाही. ती त्याला काय म्हणाली ते तिनेच मला नंतर सांगितलं : "नुसतं बसायला एम्लिन एवढ्या सकाळी धक्क्यावर येत नसतो. गुडघा तुझा, पण शेकावा मला लागतो." तरी बॅग तिनेच भरली.

हॅलोफर्ड म्हणजे पहिल्या श्रेणीतला संघ, देशाकडून खेळणारे चार-पाच जण त्यात. आम्ही दुसऱ्या श्रेणीत, तेही तळाला. एरवी त्यांची आमची गाठ पडायचं कारणच नाही. पण चषकात चिठ्ठ्या पडतात, एकच सामना होतो आणि हरला तो घरी जातो. त्यातून त्या वर्षी नियम असा होता, की बरोबरी झाली तर पाहुणा संघ पुढे जाणार. बसमध्ये पाच तास आमची पोरं तेवढ्या नियमावर जगली.

सामना संपायला वीस मिनिटं असताना आमच्या पुढच्या रांगेतल्या कॅलमचा खांदा निखळला. गुणफलकावर सतरा-सतरा. डेन्झिल उठला, गुडघ्याची पट्टी घट्ट केली आणि मैदानात गेला. त्याच्यासमोर तेविता नावाचा टोंगा बेटांवरचा जवान गडी होता, दाराची चौकट भरून टाकेल असा.

तेविता हसून म्हणाला, "काका, घरी जा. मान मोडेल."

"आज मुक्काम इथंच आहे, पुतण्या," डेन्झिल म्हणाला.

पहिल्या दोन स्क्रममध्ये तेविताने त्याला अक्षरशः मागे फरफटवलं. आठ जण एकमेकांत गुंतून समोरच्या आठांना रेटतात, त्यात एक कोपरा ढासळला की सगळी भिंत जाते. शेवटची तीन मिनिटं उरली, गुण अजून बरोबरीत, आणि हॅलोफर्डला स्क्रम मिळाला तो आमच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर. डेन्झिल गुडघ्यावर बसलेला, उठत नव्हता. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. निघताना एम्लिनने माझ्या कानात निरोप दिला होता.

मी तो तसाच सांगितला : मान दुखतेय म्हण आणि बाहेर ये. पुढच्या रांगेचा शिकलेला गडी आपल्याकडे दुसरा नाही, म्हणजे पंच दोन्ही बाजूंना रेटायची मनाई करून स्क्रम खेळवतील. बरोबरी टिकेल.

खोटं सांगत नाही, मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं. पंच जवळ आले आणि त्यांनी विचारलं, खेळता येईल ना?

डेन्झिलने तोंडातलं पाणी थुंकलं. "येईल की," म्हणाला.

मी रेषेबाहेर येऊन उभा राहिलो. एम्लिनकडे बघायचा धीर होईना. दोन्ही बाजू भिडल्या. आमची भिंत एक पाऊल मागे आली. मग डेन्झिलने डावा पाय जरा बाहेर घेतला, कंबर खाली नेली आणि तिथेच रुतून बसला. त्याची पाठ थरथरत होती. तेविता हलेना, हाही हलेना. शेवटी हॅलोफर्डने कंटाळून चेंडू बाहेर काढून फेकला. घाईत तो त्यांच्याच गड्याच्या हातून निसटला, आमच्या पोराने झडप घातली आणि वेळ संपल्यावर लाथेने मैदानाबाहेर घालवला. सामना सतरा-सतरावरच संपला.

मग आम्ही काय केलं ते सांगत बसत नाही. मोठी माणसं रडली.

कपडे बदलताना एम्लिनने त्याला विचारलं, निरोप पोचला नव्हता का? डेन्झिल बुटाची गाठ सोडत होता. म्हणाला, "पोचला होता. पण मला बघायचं होतं, रेटता येतं का अजून."

एम्लिननेच खाली बसून दुसऱ्या बुटाची गाठ सोडली.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र जेवतात. तेविता आपली थाळी घेऊन आमच्या टेबलाशी आला आणि आदबीने विचारू लागला, काका, तो पाय नेमका कुठं ठेवलात? डेन्झिलला तोंडाने सांगता येईना. शेवटी खुर्च्या बाजूला सारून दोघं भर भोजनगृहात एकमेकांच्या खांद्यात डोकं घालून उभे राहिले. "हां, आता कंबर खाली. अजून खाली," डेन्झिल सांगत होता. वाढणाऱ्या बाईंनी हातातलं रश्शाचं भांडं हळूच उचलून मागच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

पुढच्या फेरीत आम्ही चाळीस गुणांनी हरलो. त्या दिवशी डेन्झिल टॅम्सिनबरोबर प्रेक्षकांत बसला होता. मान अजून डावीकडे वळत नव्हती, म्हणून ती त्याच्या उजव्या बाजूला बसली होती.