अंथरुणाला खिळलेली माय

कागदावर मी दोन वर्षांपासून "अंथरुणाला खिळलेली" हावो. मले हे वकिलानं वाचून दाखवलं तवाच समजलं.

माह्या पोरानं, किसननं, वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडनात शेजारच्या उकंडरावचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. एक वर्षाची सजा लागली, अपिलातही कायम राह्यली. आता मामला नागपूरच्या हायकोर्टात. पन तिथं फेरतपासनी व्हाच्या आधी गुमान आत जाऊन बसा लागते म्हने. म्हनून वकिलानं अर्ज टाकला: फैसला होईलोक हजर होन्यातून सूट द्या, म्हातारी माय अंथरुनात हाय, तिले घास भरवनारा हा एकटाच.

घास भरवनारा! अवं माय वं! पान्याचा गिलास लागला तरी जो मलेच हाक मारते, तो मले भरवते! पहाटचा सयपाक माहा, भांडे माहे, बीबी गावच्या बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसनंही माहंच.

कोर्टानं पोलिस ठान्याले लिहलं, खरं काय ते पाहून या. जमादार येनार त्या दिवशी माही खाट ढोराच्या कोठ्यातून बाहेरच्या खोलीत आली. सुनेनं, सिंधूनं, पेटीतली नवी चादर काढली. लगन झाल्यापासून पयल्यांदा माह्या पायाशी बसून पाय दाबू लागली. मले तं गुदगुल्याच झाल्या.

"माय, डोये मिटून पडजो," किसन म्हने. "तू बोलली तं मी आत जातो."

"हाव," म्हनली मी. राग लय होता, पन पोरगा पोटचा होता. ठरवलं, मेली तरी तोंड उघडाचं नाई.

जमादार आले, खुर्चीवर बसले. "कधीपासून असं?"

"दोन सालं झाले साहेब," किसन माहं पांघरून सारखं करत म्हने. "न्हानं, खानं, औषीद, सारं मीच करतो. मायशिवाय मले कोन हाय?"

मी डोये मिटून आइकत होती. असा पोरगा मलेही पाह्यजे होता.

आता पाहुना आला अन् चहा नाई, असं कसं चालन? सिंधू आत गेली. डबे वाजले, झाकनं पडले. मंग किसन गेला. अजून डबे वाजले. जमादार घडी पाहून राह्यले होते. अन् आतून त्याची हाक आली, रोजच्यासारखी, खेकसून:

"माय, साखर कुठी ठेवली वं?"

"तुरीच्या डब्यामांगं, लाल झाकनाचा डबा पाह्य," मी झटकन म्हनली. डोये मात्र मिटेलच होते.

जमादारानं पेनाचं टोपन काढलं.

"आजी, ह्या घरात चहा कोन मांडते?"

मी डोये उघडले. किसन दारात, हातात चहाचा रिकामा गंज. त्याचं तोंड पाहून मले हसू आलं अन् रडूही. उठली, नवी चादर घडी करून ठेवली, अन् चहा मांडला.

सूट काही भेटली नाई. जेलात हजर व्हाच्या दिवशी किसन निंगाला, पायात चप्पल घातली, अन् उंबऱ्यातून मांगं पाह्यलं.

"माय, माहा टावेल कुठी हाय?"

"पिशवीतच हाय, बनियानखाली."

'मी गेलो तं मायचं कोन पाहीन', हे त्या अर्जात चार पानं लिहेल होतं. तिथं त्याचं कोन पाहीन, हे मात्र मेल्या वकिलानं कुठीच लिहेल नोयतं.