सहाणेवरची पाल

तृप्ती माझ्या जावेची लेक, जालन्याला एम.एस्सी. करते. परीक्षेसाठी तिला एक स्लाइड करायची होती: पालीच्या जबड्याचा असा पातळ काप, की आरपार उजेड यावा अन् दात हाडाला कसा धरलाय ते दिसावं. दाराच्या फटीत चेंगरून मेलेल्या पालीचा जबडा तिनं पारदर्शक राळेत बसवून आणला होता. तुकडे तीन. दोन घासताना फुटले. स्लाइड उद्या द्यायची.

"काकू, हा फुटला तर वर्ष गेलं माझं."

"आण इकडं. तू रगडून राह्यलीस. हे उगाळायचं असतं."

मी सहाण काढली. तिच्यावर मी घरातल्या नऊ लेकरांची बाळगुटी उगाळली, तृप्तीचीही. थेंबभर पाणी, बोटाचा नुसता भार अन् मोजून वेढे. बाजेवरून सासूबाईंनी विचारलं, "काय उगाळून राह्यली गं?"

"दात."

"कोणाचा?"

"पालीचा."

त्या म्हणाल्या, "मंग उद्या देवाचं गंध कशावर उगाळायचं, ते तुझ्या पालीलाच विचार."

काप पेपरावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता आली. तरी अजून दोन वेढे म्हणून मी तो परत सहाणेवर घेतला. हाव, दुसरं काय. अन् हातानं घात केला. उगाळून झालं, की अनामिकेनं सहाण निपटायची अन् बोट लेकराच्या तोंडात द्यायचं, पंचवीस वर्षांची सवय. मी निपटलं, बोट पुढं केलं. तृप्तीनं, एवढी बावीस वर्षांची घोडी, आ केला.

सहाण कोरडी होती. वर काप नव्हता.

"गिळू नको," मी म्हणाले. "थुंकू पण नको. जीभ काढ."

सासूबाईंनी टॉर्च धरला. "गुटी तर फुर्रकन थुंकायची. आज गप बसली, नशीब."

चिमट्यात काप अख्खा आला.

तृप्तीनं उसन्या आणलेल्या सूक्ष्मदर्शकात बघितलं. आपल्यासारखे दात खाचेत नव्हतेच. जबड्याच्या आतल्या भिंतीला टेकून उभे, हाडानं सांधलेले, अन् एकाच्या बुडाशी इवलासा नवा दात वाट बघत बसलेला. सासूबाईंनी कवळी काढून हातात घेतली अन् डोळा लावला.

"हिला जलमभर नवे येतात?"

"जन्मभर, आजी."

"अन् खाती काय, तर माश्या."

सकाळी स्लाइड जालन्याला निघाली. सोबत कृती लिहून द्यायची होती. तृप्तीनं लिहिलं, 'काप पाण्यानं धुतला.' मी वाचलं अन् नुसतं तिच्याकडं बघितलं. तिनं पेन काढलं अन् पाण्याच्या आधी 'कोमट' घातलं.