कॅसेटच्या पाठीवरची चिकटपट्टी

पार्सलमास्तर निवृत्त झाले, तरी त्यांचा संशय अजून नोकरीवरच होता. तीस वर्षं लोकांची पार्सलं हुंगली, आता हुंगायला घरात मेहुणा होता. तो चार दिवसांसाठी म्हणून आला, त्याला पाच महिने झाले.

पाच वाजता विहीणबाई लग्नाची कॅसेट बघायला यायच्या होत्या. मास्तरांनी साडेचारलाच ती व्हीसीआरमध्ये घालून पाहिली. दहा मिनिटं सगळं ठीक होतं. मग लेक नटूनथटून दारात आली, तिनं मान वर केली आणि पडद्यावर एक पैलवान दुसऱ्याच्या उरावर बसला.

"शालकराव!"

मेहुणा धावत आला. "काय दाजी? अरे वा, कुस्ती!"

"वा? माझ्या पोरीच्या लग्नावर कुस्ती रेकॉर्ड केलीस?"

"मी त्या यंत्राला हात लावला तर तुम्ही माझा हात जागेवर ठेवाल का?"

मास्तरांनी कॅसेट बाहेर काढली. तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा खुंट त्यांनी स्वतः मोडला होता. खुंट मोडला की कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. पण भोक बुजवलं की यंत्र फसतं. आणि भोकावर चिकटपट्टी होती.

"हे ठरवून केलेलं काम आहे!" म्हणत त्यांनी पट्टीला नख लावलं. ती अलगद सुटली. तिचं टोक व्यवस्थित आत दुमडलेलं होतं.

मास्तरांनी ती बोटांत धरून उलटसुलट पाहिली. पार्सल उघडणाऱ्याला त्रास नको, म्हणून पट्टीचं टोक दुमडणारा माणूस त्या घरात एकच होता.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "गुरुवारी तुमची गुप्तहेराची मालिका रेकॉर्ड झाली नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंत. चष्मा न लावता हाताला लागली ती कॅसेट कोणी घातली? आणि कुस्तीचं चॅनल कोणी लावलं?"

बेल वाजली.

"दाजी, माझ्यावर ढकला," मेहुणा कुजबुजला. "आमची अब्रू तशीही गेल्यातच जमा."

विहीणबाई येऊन बसल्या. मेहुण्यानं कान पकडले. "माझ्या हातून लग्न पुसलं गेलं." त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांनाच घाम फुटला.

"त्यानं नाही. मी," मास्तर म्हणाले.

विहीणबाईंनी खुर्ची टीव्हीकडे वळवली. "उरलंय तेवढं तरी लावा," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटांनी पैलवान आले, पण बटण दाबायला कोणी उठलं नाही. मास्तर चहाच्या कपाआडून मेहुण्याकडे बघत होते. फुकटात कोणी दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतं का? ह्याचा मुक्काम आणखी पाच महिने तरी हलत नाही.